आज किती नग?

आमचं ऑफिस अशोक चौकात, वरच्या मजल्यावर.
खाली झेरॉक्स, शेजारी शेंगाचटणीचं कांडप,
त्यामुळं जिन्यात कायम लसणाचा ठसका
आणि कीबोर्डवर बारीक लाल धूळ.

आम्ही टॉवेल कारखान्यांना हिशेब विकतो.
विकतो म्हणजे, विकत नाही.
महिना नऊशे नव्याण्णव, जीएसटी वेगळा.
लॉट, चलन, सुताचा काउंट, कामगारांचा आठवडा
सगळं कुठल्याशा थंड खोलीत राहतं,
मी न पाहिलेल्या गावात.
इथं फक्त उघडतं,
आणि उघडलं की आधी विचारतं:
आज किती नग?
(ही ओळ माझी. पगारवाढीत धरली नाही.)

डेमोच्या दिवशी मेरगू अण्णांनी विचारलेलं,
"पोरी, किती वर्षं पैसे भरल्यावर हे माझं होतंय?"
कधीच नाही, अण्णा.
"मग हे मागाच्या उलटंच झालं की.
बापानं दुसऱ्याच्या मागावर अकरा वर्षं काढली,
बाराव्याला स्वतःचा घरात आणला.
आईनं मागाला हळद लावली, नवऱ्यामुलाला लावतात तशी."
मी म्हटलं, पण अपडेट फुकट आहेत.
ते हसले ते बराच वेळ,
मग चेक लिहिला, तारखेसकट.

सोमवारी विनायक बोद्धूल गळतीची यादी लावतो.
कोण सोडून जाणार, ते आधीच लाल.
त्याचा नियम सोपा:
जो उघडत नाही, तो जातो.
एक जण स्वस्तातल्या दुसऱ्या कंपनीकडं गेला,
एकाच्या पोरानं पुण्याहून फोन करून बंद केलं,
एकानं सोळा माग भंगारात दिले.
माग किलोवर जातात.
हिशेब कशावर जातो?
आम्ही तीस दिवस थांबतो, तसं करारातच आहे.
एकतिसाव्या रात्री सगळे झोपलेले असताना
एक आज्ञा आपोआप चालते,
आणि कांडी भरणाऱ्या बाया, त्यांची उचल,
दिवाळी बोनसवरून झालेली खाडाखोड
सगळं साफ.
सकाळी आमचा पडदा जरा चपळ चालतो.

अण्णा मात्र यादीत हिरवेच.
अक्कलकोट रोडनं माझी गाडी रोज जाते,
चार महिने झाले, त्यांचं फाटक बंद आहे,
कुलपाला कुणी कापडाची चिंधी बांधलीय पावसासाठी.
तरी रोज संध्याकाळी सहा चाळीसला लॉगिन.
शेड एक: शून्य.
शेड दोन: शून्य.
सेव्ह.
विनायक म्हणाला, "भारी ग्राहक. छेडू नको."

मी छेडलं.
अण्णा, प्लॅन थांबवूया का थोडे दिवस?
हे बोलायचा मला पगार मिळत नाही.
पलीकडं ते कुणाशी तरी तेलुगूत बोलले,
टीव्ही बारीक झाला.
"थांबवल्यावर तुमच्याकडं काय दिसतं?"
निष्क्रिय, असं दिसतं.
"आणि मी शून्य भरल्यावर?"
शून्य.
"मग शून्यच बरं."

मला पुढं काय बोलावं सुचेना,
म्हणून सवयीनं विचारलं,
अजून काही मदत हवी आहे का?
"हाय की. शेड दोनमध्ये सत्यम्माचं नाव चुकलंय,
पहिल्या दिवसापासून सत्यमा आहे.
कामाच्या गडबडीत राहिलं सांगायचं.
आता ती सुनेकडं भिवंडीला गेली, पण नाव नीट असू द्या."

तिकीट उघडलं. चार हजार चारशे अठरा.
प्राधान्य विचारलं त्यानं: कमी, मध्यम, तातडीचं.
तातडीचं निवडलं, कारण मागत होता,
तो रकाना मोकळा सोडला.
मग आत जाऊन
एक अर्धा म टाकला.

सहा एकोणचाळीस झाले होते.
खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता,
मी पर्स घेऊन उभीच राहिले
मिनिटभर,
हिरवा ठिपका लागेपर्यंत.